अ‍ॅव्हरेज

जीप लिटरला सोळा द्यायची.
व्हॅन देते तेरा, तेही पोरं वजनानं हलकी म्हणून.
डिझेल त्र्याण्णव, पेट्रोल एकशे सहा.
सुलोचनानं बियाण्याच्या रिकाम्या पाकिटावर हिशेब मांडला:
किलोमीटरमागं दोन रुपये चौतीस पैसे जास्त,
दिवसाचे बासष्ट किलोमीटर,
तांडा, नाला, फाटा, शाळा आणि परत.
पेन थांबलं तेव्हा एवढंच म्हणाली,
"चौतीस पैसे सोडून देऊ."

मी म्हटलं, नोझलचा खर्च धर.
पंप, फिल्टर,
थंडीत सकाळी धक्का मारणारी दोन माणसं, त्यांचा चहा,
रऊफभाईची उधारी.
व्हॅनला काय, प्लग पुसला, फुंकर मारली, झालं.
तिनं सगळं धरलं. चहासुद्धा.
तरी महिन्याला दोन हजाराला वीस कमी
पेट्रोलच्याच अंगावर निघाले.
पाकिटाची घडी करून तिनं लोणच्याच्या बरणीखाली ठेवली,
पाहुणे आल्यावर भांडण ठेवतात तशी.

जीप मी हौसेनं सोडली नव्हती.
दिग्रसच्या पंपावर करुणा मेश्रामनं
सायलेन्सरात नळी घातली.
"दाबा काका. पूर्ण दाबा."
आकडा इतका वर गेला
की मशीनसोबत तीही मागं सरकली.
मी चिडलो. "पेट्रोलवाल्याले त पटकन पास करतं तू."
"त्याचंही निघते काका, दिसत नाही फक्त.
लिटरं तो जास्त जाळते.
त्याचं वर जाते, तुमचं इथंच बसते."
आणि बोट दाखवलं
मागच्या फाळक्याकडं,
जिथं मंजुळा राठोड दप्तर मांडीवर घेऊन बसली होती.

तिची कॉलर मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.
पांढरा सदरा, मानेपाशी काजळाची रेघ.
दृष्ट लागू नये म्हणून कुणी लावावी तशी,
पण भलत्या जागी,
आणि रोज.

व्हॅन आली त्या महिन्यात मंजुळाची याडी
गाडीपाशी येऊन उभी राहिली.
मला वाटलं, भाडं कमी करा म्हणेल.
म्हणाली, "सदरा आता दोन दिवस चालते. साबन वाचली."
तिच्या साबणाचे पैसे
आमच्या पाकिटावर कोणत्या ओळीत लिहायचे,
हे सुलोचनाला विचारायचं धाडस झालं नाही.

पण पहिल्याच आठवड्यात तीन पोरं चुकली.
जीप नाल्यात उतरली की अख्ख्या तांड्याला कळायचं,
भाकर डब्यात, रिबीन तोंडात, नुसती पळापळ.
व्हॅन येते तर कुत्रंही मान उचलत नाही.
मग मी नाल्यापासून हॉर्न दाबत यायला लागलो.
दीड महिन्यात हॉर्न बसला.
रऊफभाईनं दोनशे ऐंशी घेतले
आणि वर हसला.
हे लिहायचं राहिलंच.

जीपचं धूड भंगारात गेलं,
इंजिन डेहनकरानं नेलं मळणीयंत्राला.
मी नाही म्हणू शकलो असतो.
चौदा हजार म्हणाला, म्हणून नाही म्हटलं नाही.

माघात तुरी निघाल्या.
फाट्याच्या अलीकडं, आभाळाला टेकवलेली
एक काळी काडी दिसली,
आणि काचा बंद असूनही तो आवाज,
आधी खोकणारा, अडणारा,
मग घसा मोकळा झाल्यासारखा एकदम सुटणारा.

"काका, आपली जीप!"
मंजुळा ओरडली, आणि सारी पोरं
एकाच खिडकीवर पडली.
व्हॅन डाव्या अंगाला कलली.
कुणी काच खाली केली, आत वास आला,
कुणी नाक दाबलं नाही.

गाडी मी थांबवली नाही.
बारीक केली फक्त,
दुसऱ्यात टाकली,
आणि पेट्रोल जळत राहिलं.